चार बोटं जागा

सातव्या महिन्यात बेंबीभोवती फोड उठले अन् माह्या सासूनं, माणिकबाईनं, पाह्यल्या पाह्यल्या सांगून टाकलं, "नागीण होय व रागिणी. पोटाले वेढा घालते. तोंड अन् शेपटी भेटली का..." वेढा पुरा झाला का माणूस जाते, हे मलेही ठाऊक होतं.

खाज तर अशी, का कातडं सोलून फेकावं वाटे. वेढा पाठीकडे सरकत चालला. मले माही पाठ दिसते थोडीच! सासू रोज सकाळी गेरूचा लेप लावे, अन् मी रोज विचारायची, "आत्याबाई, किती जागा राह्यली?"

"चार बोटं."

रोज चार बोटंच कशी? एक दिवस माह्यं डोकं सटकलं. नवऱ्याले म्हटलं, "नितेश, मोबाइलनं पाठीचा फोटो काढ." बडनेऱ्याले रेल्वेत नोकरी करणारा धडधाकट माणूस, पण फोटो काढून मोबाइल माह्या हाती दिला अन् तोंड फिरवलं त्यानं. फोटोत जागा नव्हतीच. वेढा कधीचाच पुरा झाला होता.

मी तर जित्ती होती. मंग नागीण कोणाले न्यायले आली? पोटावर हात ठेवला. बाळ हललं नाही.

"अकोल्याले चल! आत्ताच!" मी ओरडली. अकोला माह्यं माहेर, तिथं कातडीची डॉक्टरीण होती. गाडीनं मूर्तिजापूर सोडलं तवा बाळानं लाथ मारली. मी भर डब्यात रडली.

डॉक्टरीणबाईनं कातडीचा तुकडा तपासला. "नागीण नाही ही. गरोदरपणातला दुर्मीळ आजार आहे, तुमचं शरीर स्वतःच्याच कातडीशी भांडतंय. गोळ्या चुकवू नका. बाळाच्या अंगावर कधी कधी थोडे फोड येतात, ते आपोआप जातात."

मी 'येतात' तेवढंच ऐकलं. बाळंत होईपर्यंत तेच डोक्यात घोळत राह्यलं.

पोरगी झाली. सासूनं दुपट्यात घट्ट गुंडाळून घेतली.

"आत्याबाई, अंगावर काही आहे का?"

"काही नाही व. चोख आहे." आवाज तोच, चार बोटं म्हणायचा.

"खोटं नका बोलू. सोडा दुपटं."

तिनं सोडलं. पोरीच्या मांडीवर तीन फोड, पाण्यानं भरलेले. सासू पदर तोंडाले लावून रडायले लागली, "मले भेव वाटे व. खरं सांगतलं तर खरंच होईन म्हणून."

तेवढ्यात पोरीनं असं भोकाड पसरलं, का नर्स धावत आली.

"जातात म्हणे ते," मी म्हटलं. 'जातात' हा शब्द पहिल्यांदा माह्या तोंडातून निघाला. "भेव मलेही वाटते. पण द्या इकडे तिले. अन् आता मले खरं सांगत जा."