गाबियाचं बारसं

नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात उल्का जुन्या नावांची उत्पत्ती शिकवायची. भाचीचं नाव ठेवायला ती काय घाबरणार? पण लेस्टरच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं, तर बाबा, म्हणजे निवृत्त डॉक्टर शशिधर, मंडळाच्या पाहुण्यांना रंगात येऊन सांगत होते, "गाबिया इज प्युअर संस्कृत! गो-बीजा. गो म्हणजे पृथ्वी. लिथुआनियन आपली सिस्टर लँग्वेज, यू नो!"

गाबिया ही लिथुआनियातली चुलीच्या विस्तवाची देवी. उल्काचा भाऊ विनय याची बायको दाइना तिकडच्या निर्वासितांची नात. तिची आजी निजण्याआधी खोली तापवायची साधी गॅस फायर बंद करतानासुद्धा या देवीला "नीट झोप" म्हणायची. ती आजी याच वर्षी, त्र्याण्णवच्या मार्चमध्ये गेली, आणि दाइनाला मुलीसाठी दुसरं नावच नको होतं.

बाबांनी उल्काला कोपऱ्यात गाठलं. "तू एक्सपर्ट आहेस. माइकवर सांग, संस्कृत आहे म्हणून. बिनअर्थाचं नाव मी नातीला ठेवू देणार नाही."

"बाबा, नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं 'झाकणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलं, कुणी म्हणतं एका ख्रिस्ती संत बाईच्या नावावरून. तुमचं गो-बीजा मात्र कुणीच म्हणत नाही."

"म्हणजे चारचौघांत माझी शोभा करणार?"

त्यांचा चेहरा पडला. उल्काला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण आयुष्यभर जे शिकवलं त्याच्यावर बोळा फिरवायला ती तयार नव्हती. पाळण्यापाशी दाइना डोळे पुसत होती.

उल्काने बाळाला मांडीवर घेतलं. घरच्या रीतीने कानात आधी कुलदेवीचं नाव सांगायचं, मग बाळाचं. बाकीच्या आत्या कुजबुजतात, ही बया खणखणीत म्हणाली, "जोखाई."

बाबांचे हात सवयीने जुळले.

"बाबा, जोखाई म्हणजे काय हो?"

बाबांनी जुळलेले हात खाली घेतले.

"माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पण तिच्यापुढे दिवा लावल्याशिवाय कधी जेवली नाही."

उल्का वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "गाबिया." बायकांनी तिच्या पाठीत हौसेने धपाटे घातले.

"पण डॉक्टर, मग मीनिंग काय धरायचं?" मंडळाच्या सुप्रभाताईंनी विचारलं.

बाबांनी नातीला उचलून छातीशी धरलं. "मीनिंग कुणाला माहीत!" ते ठसक्यात म्हणाले. "नाव आमच्या घरातलं आहे."