शिळं पाणी

"टीव्हीच्या जागी डबकं आणून ठेवलं," गोपालराव टेबलाखाली वाकून पुटपुटले. "उद्या म्हनान, देवघरात म्हैस बांधा."

ते कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते. पण इंदूबाई टेबलाचा कोपरा धरून तिथंच उभ्या होत्या आणि नवऱ्याचं टक्कल त्यांच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"म्हैस पुढं पाहू," त्या म्हणाल्या. "पायाखाली पुठ्ठा घाला अगोदर. डुगडुगून राह्यलं."

टेबलावर मासे पाळायची काचेची पेटी होती, दोन हात लांब. सुरभीनं ती अमरावतीहून एसटीत मांडीवर धरून आणली होती. गावी, नेरच्या स्टॅंडवर उतरली तेव्हा लोकांना वाटलं, पोरीनं मिठाईचं दुकान टाकलं.

सुरभी दिवाळीला माहेरी आली ती एक बॅग घेऊन. भाऊबीज झाली, कापूस वेचून झाला, बॅग मात्र खाटेखालून हलली नाही. एकदाच, तुरीच्या शेंगा सोलताना, ती आईला म्हणाली होती, "तिथं मले कोणी मारत नाही, आई. कोणी बोलतच नाही. नवराही नाही. ताट वाढून ठेवते, जेवते, उठते. दोन वर्षं झाली." इंदूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या म्हणाल्या, "ह्या शेंगा किडक्या निघाल्या बाई." विषय तिथंच मिटला. त्या उत्तराची लाज त्यांना पुढं कितीक दिवस भाकरी थापतानाही आठवायची.

मग पेटी आली. शेजारच्या शीलाबाईनं भिंतीवरून मान काढून विचारलं, "सुरभी अजून इथीच हाये का वो?" तेव्हा इंदूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तिचं ते मास्यायचं चालू हाये ना. मासे सोडले की जाते."

झालं. तेच घराचं उत्तर ठरलं. गोपालरावांनी कापसाच्या जिनिंगवर तेच सांगितलं, व्याह्यांच्या फोनवर तेच सांगितलं. सुरभीनंही ते ऐकलं आणि नाही म्हटलं नाही. मासे सोडले की ती जाणार, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून त्या काचेच्या पेटीकडं घरात कोणी सरळ नजरेनं पाहत नसे.

सुरभीचं काम मात्र निगुतीचं होतं. तळाशी शेताच्या धुऱ्याबांधावरची माती, तिच्यावर चाळलेली रेती. गोपालरावांनी नाल्यातून एक वाकडं मूळ आणून दिलं. कुरकुरतच, पण तीन मुळांतलं चांगलं निवडून. ते सुरभीनं अंघोळीचं पाणी तापवायच्या गंजात दिवसभर उकळलं. त्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळीला नाल्याचा वास आला. मग दोऱ्यानं त्या मुळाला रोपं बांधली, रेतीत गवतासारखी पानं खोवली, वरून दिवा लावला. पाणी भरलं आणि ती स्वस्थ बसली.

"मासे कुठं हायेत?" इंदूबाई म्हणाल्या.

"आत्ताच नाही, आई. पाणी मुरू द्यावं लागते. रेतीत बारीक जंतू तयार होतात. मास्यांची घाण ते खातात. ते नसले तर मासे मरतात."

"जंतू पाळते तू?"

"हो."

"आमी जंतू मरावे म्हून पाणी उकळतो," इंदूबाई म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या. पण कणीक मळता मळता त्यांच्या लक्षात आलं, की पाणी मुरायला वेळ लागणार. त्यांनी कणकेला उगाचच आणखी एक बुक्की दिली.

त्यांच्या घरी नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी घरात सणासारखी धांदल. जुनं पाणी शिळं. ते ओतायचं, गुंड्या-हंडे चिंच-राखेनं घासायचे, ताजं भरायचं. सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. शिळं पाणी घरात ठेवलं तर त्या घरची बाई आळशी, असा हिशोब.

एका दुपारी नळ आला तेव्हा सुरभी अमरावतीला गेली होती, पाणी तपासायचे थेंब आणायला. इंदूबाईंनी हंडे घासले, गंज घासला, माठ धुतला, आणि पदराला हात पुसत बैठकीत आल्या. पेटीतलं पाणी चहासारखं तांबूस झालेलं. मुळाचा रंग उतरला होता. सुरभी म्हणाली होती, उतरू दे. पण ते पाहून इंदूबाईंचा जीव तुटला. पोरगी एवढी झटून राह्यली, आणि पाणी हे असं.

त्यांनी मगानं सगळं पाणी काढलं, कडीपत्त्याला घातलं. मूळ नारळाच्या शेंडीनं घासलं. रेती चाळणीत धुतली, काच राखेनं लख्ख केली. ताजं नळाचं पाणी भरलं. उपटलेली रोपं पुन्हा लावली, कांद्याच्या रोपासारखी, सरळ ओळीत, बोटभर अंतर सोडून. मग पंख्याखाली बसून पाहिलं. डोळ्यांना कसं बरं वाटलं.

सुरभी आली, दारातच उभी राहिली. पिशवी खांद्यावरच. तिनं त्या कांद्याच्या ओळी पाहिल्या.

"आई, पाणी बदललं?"

"शिळं झालतं."

सुरभी खाली बसली. इंदूबाईंना वाटलं, रडते. पण ती हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिनं सांगितलं काय झालं ते. जंतू गेले सगळे. दही लावावं आणि कोणी विरजणासकट भांडं धुऊन ठेवावं, तसं.

"मग अगोदरच विरजण म्हनाची ना," इंदूबाई म्हणाल्या. "जंतू जंतू करत बसली. विरजणाले मी हात लावला असता का?"

"आता पुन्हा पहिल्यापासून," सुरभी म्हणाली. "महिना तरी गेला."

हे सांगताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. इंदूबाईंनी तो पाहिला, आणि आपला कसा झाला असेल ते त्यांना आरशाशिवाय कळलं. गोपालराव संध्याकाळी आले, ऐकलं, "बाप्पा बाप्पा" म्हणाले, आणि एक भाकरी जास्त खाऊन उठले.

संक्रांत झाली. हळदीकुंकवाच्या बायांना इंदूबाई सांगत, "माह्याच हातून पाणी वाया गेलं ना, म्हून लांबलं." असं कौतुकानं सांगत, की बायांना वाटे हा गुन्हा नसून नवस आहे. कडीपत्ता इकडं मातला होता. सुरभी जुनं पाणी थोडं थोडं काढून त्यालाच घालायची. पेटीतल्या कांद्याच्या ओळी तिनं मोडल्या नव्हत्या. त्या वाढून एकमेकींत मिसळल्या, हिरवी गर्दी झाली.

मग एका सकाळी सुरभीनं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरलं आणि हळूच म्हणाली, "झालं पाणी."

गोपालराव चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

त्यानंतर नळ आला तेव्हा सुरभी मागं कपडे धूत होती. इंदूबाई हातात पाण्याचा मग घेऊन पेटीसमोर उभ्या राहिल्या. एकदा झाला तो अडाणीपणा होता. आता केलं तर कपट होईल. पाण्यात पानं हलत होती. मागून धुण्याचा आवाज येत होता, आणि सुरभीचं गुणगुणणं. लग्नाअगोदर ती अशी गुणगुणायची. इंदूबाईंनी तो मग पुन्हा बादलीत टाकला आणि हंडे घासायला घेतले.

मासे आणायला बापलेक दोघं गेले. गोपालराव पिशवी मांडीवर धरून बसनं आले. ड्रायव्हरला दोनदा म्हणाले होते, गड्ड्यात हळू घेजो बापू. पिशवीत गप्पी मासे होते, नखाएवढे, शेपट्या लुगड्याच्या पदरासारख्या. सुरभीनं पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर ठेवली. आतलं-बाहेरचं पाणी सारखं गरम व्हावं लागतं.

शीलाबाई कडीपत्ता न्यायला आली होती, तीही थांबली.

"लय सुंदर हायेत वो," ती म्हणाली. "मग सुरभी, आता उद्या-परवा निघशीन?"

सुरभीचं बोट पिशवीच्या रबरावर होतं. ते तिथंच राहिलं.

"राहू दे अजून जरा," गोपालराव म्हणाले. "पाणी थंड असन."

पाणी थंड नव्हतं. पिशवी केव्हाची तरंगत होती. मासे तिच्या कोपऱ्यात दाटीनं फिरत होते. सुरभी आईकडं पाहत नव्हती, आणि न पाहण्यासाठी तिला किती जोर लागत होता, ते इंदूबाईंना तिच्या मानेवरून दिसत होतं. शेंगा सोलतानाही तिची मान अशीच होती.

"ती जात नाही, शीला," इंदूबाई म्हणाल्या. आवाज ठीक निघाला, म्हणून त्यांनी पुढचंही म्हणून टाकलं. "सासरी परत जातच नाही ती. इथंच राहाते. सोड बाई आता ते मासे."