थोरलीचा कल

कॅप्टनसाहेबांच्या बायकोला पाहुण्यांसमोर एकच विनोद बावीस वर्षं ऐकावा लागला होता. "ही आमची धाकटी. थोरली हँगरात असते."

थोरली म्हणजे चार इंजिनांचं, पाठीवर कुबड असलेलं अवाढव्य जुनं विमान. सगळेच वैमानिक तिच्यावर जीव टाकत, पण तिची नाडी फक्त आपल्याला कळते, असं साहेबांचं म्हणणं. थोरली उजवीकडे कलते, असं ते सांगत. खुर्चीत बसलं की दोन खुर्च्यांमधल्या, विमानाचा कल सावरणाऱ्या चकतीला डावीकडे दोन घरं पीळ द्यायचा आणि उडताना डावा पाय हलकेच दाबून ठेवायचा, हा त्यांचा नेम. सहवैमानिकानं चकतीला हात लावलाच, तर बोटांवर पट्टी बसे. "हात मागे! सून म्हणून आलास की सासू म्हणून?"

आता थोरली भंगारात निघाली होती. नव्या, दोन इंजिनांच्या विमानाच्या परीक्षेत उतरले तरच साहेबांना पुढे उडता येणार होतं. दोनदा ते नापास झाले होते आणि तिसरी संधी शेवटची होती. परीक्षक म्हणून समोर आला तो एकेकाळी पट्टी खाल्लेला त्यांचाच सहवैमानिक.

त्या सकाळी निघताना साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ बोटानं जरा ढकललं. "कललंय," ते म्हणाले. हेही रोजचंच.

परीक्षा विमानाची नक्कल केलेल्या बंद खोलीत होती. पडद्यावरची धावपट्टी मागे पडली, नाक वर उचललं गेलं, आणि परीक्षकानं डावं इंजिन बंद पाडलं. नाक डावीकडे ओढू लागलं. उजवा पाय दाबायचा, एवढंच काम. पण साहेबांचा डावा पाय आधीच रुतून बसला होता. जमीन सर्रकन वर आली आणि पडदा लाल झाला.

"तीनशे चार माणसं," परीक्षक कागदावर लिहीत हळूच म्हणाला.

"पायाची सवय आहे रे ती. बावीस वर्षं थोरलीला या पायानं सावरलंय."

"थोरली कलत नव्हती, सर."

"मला शिकवतोस?"

"अकरा वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुरुस्तीत तिच्या शेपटीतला दोष काढला होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत की आम्ही चकती शून्यावर आणायचो आणि तुमच्या डाव्या पायाविरुद्ध आपला उजवा पाय दाबून ठेवायचो. विमान सरळ चाललं की तुम्ही म्हणायचात, बघा, माझ्या हाताखाली कशी वळणावर येते!"

"कुणी बोललं कसं नाही?"

"बोटं प्यारी होती, सर." त्यानं कागद पुढे केला. "इथे सही."

साहेब तडक मैदानाच्या टोकाला गेले. थोरलीची शेपटी कापणं चाललं होतं. तिच्यावर हयात घालवलेला म्हातारा मेकॅनिक शिडीवर उभा होता.

"काका, ही कलायची ना हो?"

मेकॅनिक खाली उतरला नाही. "साहेब, दर फेरीनंतर तुम्ही वहीत लिहायचात, उजवीकडे कल आहे. त्याच्याखाली आम्ही लिहायचो, तपासलं, कल नाही. अकरा वर्षं. एकदा तरी वाचलंत का?" मग तो माणसांवर ओरडला, "अरे, साहेबांना बाजूला घ्या, पत्रा पडेल!"

पत्रा पडला. आवाज मोठा झाला, पण कुणी मान वर केली नाही.

साहेब घरी आले. बायको भाजी निवडत होती. काय झालं ते तिनं चेहऱ्यावरून ओळखलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांना पुन्हा कललेलं दिसलं. सवयीनं बोट वर गेलं आणि तिथेच थबकलं.

"करा ना," ती मान खालीच ठेवून म्हणाली. "तुम्ही गेलात की मी रोज सरळ करतेच."