भाटाच्या वहीतलं नाव

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना राजाचं वेड लागलं. आपण कुण्या जुन्या राजाचे वंशज, असं माझे सासरे अण्णाजी सांगायचे. केळझरजवळच्या आमच्या गावात दहा एकरांपलीकडे आमचं राज्य कधी गेलं नाही, पण ह्यांनी फोन करकरून वंशावळ राखणाऱ्या भाटाचा मुलगा हरिदास शोधून काढला. बापाची वही घेऊन येतो म्हणाला.

ह्यांना वहीचं पहिलं पान हवं होतं, मला शेवटचं.

बेचाळीस वर्षांपूर्वी म्हातारा भाट शेवटचा आला, तेव्हा माझं पहिलं बाळ सात दिवसांचं होतं. भाट पुन्हा कधी येईल कोण जाणे, म्हणून अण्णाजींनी बारशाआधीच मनातलं नाव त्याच्या कानात सांगून लिहून घेतलं. आम्हाला म्हणाले, "तुमी बारशालेच ऐकजा."

बारसं झालंच नाही. दहाव्या दिवशी बाळ गेलं. अण्णाजींनी ते नाव पुन्हा काढलं नाही आणि सासऱ्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. आता तेही नाहीत. आजवर मी त्याला मनात नुसतं 'बाळा' म्हणत आले. अजून फार आठवण येते हो त्याची.

हरिदास आला, वहीला हळदकुंकू वाहिलं आणि सूर लावून राजापासून वाचू लागला. हे हात जोडून बसले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला असलेला आमचा सचिन रजा काढून आला होता, तो मोबाईलवर रेकॉर्ड करत होता. राजाचा मुलगा, त्याचा मुलगा, एकेकाची लढाई, एकेकाचं दान. मेल्यांचं संपता संपेना! चहा दोनदा झाला.

"अण्णाजीचे पुत्र मधुकर. मधुकरचे पुत्र गोपाल."

गोपाल.

पुढे पान कोरं होतं. हरिदासनं पेनचं टोपण काढलं आणि सचिनकडे पाहून हसला. "सांगा गोपालराव, लेकरं किती?"

सचिन माझ्याकडे पाहू लागला. ह्यांचा चेहरा उतरला. "तो नाई जी हा. तो बारशाआधीच गेला. ते नाव खोडा अन् सचिन लिहा."

"खोडायचं नाई!" मी एवढ्यांदा ओरडले की हरिदासचा हात थबकला. "काऊन खोडता? सचिनले त्याच्या खाली लिहा. लहान भाऊ म्हणून."

हरिदासनं लिहिलं.

"आता एकडाव वाचा," मी म्हणाले.

"राजापासून, माय?"

"राजाले राहू द्या. माह्ये दोघं वाचा."

"मधुकरचे पुत्र दोन," त्यानं सूर लावला. "गोपाल, सचिन."

मग पानं वाढायला म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच हाक मारून पाहिली, "गोपाल."