पाचच्या आत संपणारी जाळी

शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा मेन स्विच खाली ओढला गेला. सहा संगणक बॅटरीवर बारा मिनिटं चालले आणि अकरा बावन्नला बंद पडले. कॉलेजात त्या वेळी एकही वर्ग नव्हता. पोळ्याचा दुसरा दिवस, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायच्या गोटमारीची सुट्टी होती.

संगणकांवर धनश्रीचं काम चालू होतं. ती याच कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून, तासिका तत्त्वावर शिकवते, राहते पांढुर्ण्याला. गुरुवारी, मेन चालू राहू द्यायला शिपायाला सांगून, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तिनं गणित सुरू करून दिलं होतं. पोळा, गोटमार आणि रविवार असे तीन दिवस सलग मिळणार होते. गणिताला सत्तर तास लागणार होते, मिळाले पावणेत्रेचाळीस. निकाल सगळे बिंदू संपल्यावरच डिस्कवर उतरतो. वीज तोडली की काहीच उरत नाही. नोंदीच्या फायलीत शेवटची ओळ एवढीच सापडली: ३६५ पैकी बिंदू २२२.

प्रश्न एका स्फटिकाचा होता. स्फटिकात अणू ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा मांडलेले असतात आणि त्यातून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला मनाला येईल ती ऊर्जा घेता येत नाही. ऊर्जेचे पट्टे पडतात. भरलेला पट्टा आणि त्यावरचा रिकामा पट्टा यांच्यात दरी असली तर पदार्थ अर्धवाहक, दरी कुठं मिटली तर नाही. इलेक्ट्रॉनची लहर कोणत्या दिशेची आणि किती दाट, यावर ऊर्जा बदलते. म्हणून संगणकाला बिंदूंची एक जाळी द्यावी लागते आणि प्रत्येक बिंदूवर ऊर्जा काढावी लागते. जाळी विरळ असेल तर दोन बिंदूंच्या मधे दरी मिटलेली असूनही दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी धनश्री आणि तिचे मार्गदर्शक, याच कॉलेजातले विभागप्रमुख प्राध्यापक विनायक यांनी हा पदार्थ अर्धवाहक असल्याचा शोधनिबंध छापला. जाळी होती चार बाय चार बाय चार. बिंदू चौसष्ट, पण समोरासमोरच्या जोडीत ऊर्जा सारखीच येते, म्हणून काढायचे छत्तीसच. गेल्या जूनमध्ये एका शनिवार-रविवारी मेन चालू ठेवायला सांगून धनश्रीनं सहाची जाळी लावून पाहिली, तर दरी निम्म्याहून कमी भरली. तिनं नऊची, ३६५ बिंदूंची, लावायचं ठरवलं. तिची पीएच.डी.ची नोंदणी गोटमारीनंतरच्या शनिवारी संपत होती. प्रबंध त्या दिवशी पाचच्या आत, मार्गदर्शकाच्या सहीनं, विद्यापीठात पोचला नाही तर सहा वर्षं रद्द.

गोटमारीच्या शनिवारी बाराला तिनं मोबाइलवर पाहिलं तर संगणक दिसत नव्हते. तिनं शिपाई हिरामणला फोन लावला. तो रामाकोन्याला घरी पोचला होता.

"हिरामणभाऊ, लॅबची लाइट कोणी बंद केली?"

"मीच केली. काऊन?"

"सुट्टीच्या दिवशी तुम्ही सौंसरला आले कायले?"

"विनायक सायबाचा फोन आला. म्हने जाळल्याचा वास येऊन राहिला, मेन पाड. पाडला."

"साहेब लॅबमधी होते?"

"नाही दिसले बाप्पा."

"मग वास कोणाले आला?"

"मॅडमजी, मले वासाचं नका पुसू. मी सोळा साल झाले रोज पाचले मेन पाडून राहिलो, कोणी विचारलं नाही. आज अकराले पाडला तर कोर्ट भरवून राहिल्या तुम्ही." त्यानं फोन ठेवला.

गोटमारीमुळे पांढुर्ण्याच्या रस्त्यांवर बंदोबस्त होता. तिचा भाऊ पंकज यानं मोटरसायकल आडरस्त्यानं बाहेर काढली. कॉलेजात पोचायला त्यांना अडीच वाजले. चौकीदारानं प्रयोगशाळा उघडून दिली. भिंत, वायर, बोर्ड, कुठंही डाग नव्हता. पंकजनं बोर्डाला नाक लावून पाहिलं.

"उदबत्तीचा वास येऊन राहिला," तो म्हणाला. "पोळ्याची पूजा केली असंल तुमच्या सरांनी."

धनश्रीनं मेन वर केला आणि नोंदीची फाइल उघडली.

सोमवारी साडेअकराला प्राचार्य उषा यांच्या खोलीत धनश्री, हिरामण आणि विनायक सर या तिघांना बोलावण्यात आलं. हिरामणनं लेखी जबाब दिला: वास त्याला स्वतःलाच आला आणि मेन त्यानं स्वतःहून बंद केला. शनिवारच्या बोलण्यात आणि या कागदात एवढा फरक होता. धनश्रीनं मोबाइलमधली शनिवारच्या फोनची वेळ दाखवली, पण बोलणं त्यात नोंदलेलं नव्हतं.

"भाऊ, परवा तुम्ही मले काय सांगतलं?"

"परवा घाई होती," हिरामण खिडकीकडे पाहत म्हणाला.

विनायक सर शांत होते. "मॅडम, मुद्दा लाइटीचा नाही. प्रबंध तयार आहे, मी सही करायला तयार आहे. हिला छापून झालेल्या गोष्टीत किडे दिसून राहिले."

"सर, सहाच्या जाळीत दरी पॉइंट एकतीसची पॉइंट बारा झाली. ते किडे आहेत?"

"नऊनं पॉइंट दहा होईल, बाराची लावशील, मग पंधराची. तुझं लग्न आहे का त्या स्फटिकासोबत?"

"नऊमधी शून्य आलं तर?"

"शून्य आलं तर तुझं आलं. जाळी कोणी टाकली होती? पेपरात पहिलं नाव कोणाचं आहे?"

"माझं."

"मग बोल ना गावभर. सतरा जणांनी तो पेपर आधाराला घेतला. त्यांना सांग, मी झोपेत गणित केलं. माझं काय, मी तर विद्यार्थिनीवर विश्वास ठेवला." ते प्राचार्यांकडे वळले. "आजकाल विश्वास ठेवणं हाच गुन्हा होऊन राहिला, मॅडम."

प्राचार्यांनी दोघांनाही लेखी द्यायला सांगितलं आणि सभा संपवली. बाहेर जिन्यात विनायक सर थांबले. तिथं दोघंच होते.

"प्रबंध जुन्या आकड्यानं दे, मी आत्ता सही करतो," ते म्हणाले. "नऊची जाळी लावलीस तर माझी सही विसर. तुले वाटत असंल तू मोठी सत्यवादी निघाली. कोणी हार घालत नाही."

"सर, वास आला होता का?"

"आला होता," ते म्हणाले आणि खाली गेले.

जाळी खरोखर धनश्रीनंच टाकली होती. चारची का, हे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुठंच लिहिलेलं नव्हतं. कॉलेज दहाला उघडतं, हिरामण पाचला मेन पाडतो. छत्तीस बिंदूंचं गणित सात तासांत, जेमतेम बसतं. पाचची जाळी बसत नाही. त्यामुळे पुढं आलेल्या दोन विद्यार्थ्यांनीही चारचीच लावली. त्यांना वाटलं विषयाची रीतच अशी आहे. शोधनिबंधात मात्र वाक्य होतं: 'जाळी तपासून पुरेशी असल्याची खात्री केली आहे.' ते वाक्य धनश्रीनं लिहिलं होतं. विनायक सरांनी त्यात एक स्वल्पविराम बदलला होता.

बुधवारी साडेचारला प्राचार्यांचा आदेश निघाला: पुढील सूचनेपर्यंत प्रयोगशाळेचा मेन बंद करू नये, स्विचच्या पेटीला कुलूप लावावं, किल्ली कार्यालयात राहील. गुरुवारी सव्वादहाला धनश्रीनं गणित पहिल्या बिंदूपासून पुन्हा सुरू केलं. सत्तर तास म्हणजे रविवारी सकाळी सव्वाआठ. मुदत शनिवारी पाचची.

गुरुवारी दुपारी पंकज डबा घेऊन आला.

"सही घेऊन टाक जुन्या आकड्यावर," तो म्हणाला. "मग रविवारी जे निघंल ते निघंल. कोण पाहून राहिलं?"

"मी."

"तू तर चार वर्षं पाहून राहिली होती. तेव्हा दिसलं नाही काय?"

तिनं डबा उघडला नाही. पंकज तो तसाच परत घेऊन गेला.

शुक्रवारी बारा वाजून वीस मिनिटांनी धनश्रीनं शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना ईमेल केली. प्रत विनायक सरांना आणि त्या दोन विद्यार्थ्यांना. मजकूर सहा ओळींचा होता. जाळी पुरेशी असल्याची खात्री केली आहे हे वाक्य खरं नाही, ते मी लिहिलं. जाळी तपासलेली नव्हती. प्रयोगशाळेची वीज पाचला बंद होते, त्याआधी संपेल ती जाळी घेतली. दरी आहे की नाही, हे आज मला माहीत नाही. गणित चालू आहे.

संपादकांकडून पोच आली. विद्यार्थ्यांपैकी एकानं उत्तर दिलं: 'ताई, आम्हाले आधी काऊन नाही सांगतलं?' दुसऱ्याचं आलं नाही. विनायक सरांचा फोन बंद होता. प्रबंधावर सही झालेली नाही.

सव्वाएकला १४० बिंदू पूर्ण झाले होते. पावणेदोनला विनायक सरांनी कार्यालयात अर्ज दिला. गेल्या शनिवारच्या घटनेच्या संदर्भात प्रयोगशाळेच्या वायरिंगची तपासणी आवश्यक असून त्यासाठी उद्या सकाळी दहा ते दोन वीजपुरवठा बंद ठेवावा आणि पेटीची किल्ली विभागप्रमुखाच्या ताब्यात द्यावी, अशी त्यात मागणी आहे. प्राचार्य बैठकीसाठी छिंदवाड्याला गेल्या आहेत. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. निर्णय झालेला नाही.