सरासरीपेक्षा कमी

श्रीपादकाका चाळीच्या ग्रुपवर कधी काही टाकत नाहीत. टाकी धुवायची असली तरी दारात येऊन ओरडतात. मे महिन्यात मात्र एकच बातमी त्यांनी पुन्हा पुन्हा टाकली: यंदा पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता. मला तिथेच खटकलं.

आमची चाळ शहाडला, उल्हास नदीच्या अंगाला. तळमजल्यावर आम्ही तीन भाडेकरू आणि चौथे मालक, म्हणजे श्रीपादकाका. वर एकच खोली. जुनी रीत अशी, की पावसाळ्यात ती कुणाला द्यायची नाही. खाली ज्याच्याकडे तान्हं मूल नाहीतर म्हातारं माणूस असेल, त्याने शाळा उघडायच्या आत सांगायचं आणि पावसाळाभर वर राहायचं. नदी चढली की पाणी आधी आमच्याच उंबऱ्याशी येतं. गेल्या वर्षी आम्ही वेळेत सांगितलं नाही, खालीच राहिलो, आणि ते आत आलं. भिंतींची ओल दिवाळीपर्यंत गेली नाही, आणि माझ्या दिशाच्या छातीतली घरघरही. तेव्हा ती मांडीवर मावेल एवढी होती. अजून वाफ देण्याचं मशीन उशाशीच असतं.

"यंदा कशाला वर जायचं?" माझा नवरा महेंद्र म्हणाला. "हवामान खात्यानेच सांगितलंय ना."

"खात्याने सांगितलंय. पण काका का सांगतायत?"

"तू ना दर्शना, आकाशवाणी झाली तरी तिचं आधार कार्ड मागशील!"

मी हसले नाही. भूगोल घेऊन बी.ए. झालेय, मोबाईलवर अख्खा अंदाज काढून वाचला. चार महिन्यांचा एकूण पाऊस, तोही भल्यामोठ्या प्रदेशाचा, आणि तीही शक्यताच. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण कमी पावसाच्या वर्षातही एखादा दिवस आभाळ फाटतं. सरासरी काढताना तो दिवस कुठल्या कुठे विरघळतो. उंबऱ्याला सरासरी कळत नाही.

"हे बघ," मी महेंद्रला म्हटलं, "उगाच वर गेलो तर जिना चढून पाय दुखतील. उगाच खाली राहिलो तर?"

त्याने दिशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माग जा चावी."

काका म्हणाले, चावी सापडत नाही. दोन दिवसांनी म्हणाले, रंग काढायचाय. मग म्हणाले, "अगं, पाऊसच नाही यंदा, वाचत नाहीस का ग्रुपवर?" बोलताना नजर माझ्याकडे नाही, जिन्याकडे.

एका दुपारी दिशाला झोपवत होते, तर डोक्यावर खरखर. कुणीतरी काहीतरी जड ओढत होतं. रंगारी फरशीवरून काय ओढतो? तिला खांद्यावर टाकलं आणि वर गेले.

दार सताड उघडं. आत काकांचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा, त्यांचा फ्रीज, तांदळाची कोठी. आणि मधोमध घामाघूम काका. शीलाकाकू कपाटाला टेकून वारा घेत होत्या.

"काका, पाऊस कमी आहे ना यंदा?"

"आहेच. अंदाज बरोबरच असतो गं," ते चाचरले. "पण सोफा नवीन आहे."

"माझी मुलगी त्याहून नवीन आहे."

काकूंना हसू आवरेना. "म्हटलं होतं मी! भूगोलवालीला फसवायला निघाले!"

"फसवलं कुठे? सामानाला तेवढीच जागा राहिली असती..." काका पुटपुटले.

"सरकवा तो भिंतीला. पाळणा इथे लागेल."

त्यांनी सरकवला. मी तोपर्यंत दारातून हलले नाही. महेंद्रने संध्याकाळी पाळणा आणि वाफेचं मशीन वर आणलं, सोफा पाहिला आणि पाळणा त्याच्याशेजारी लावला.

अंदाज खरा ठरो. माझी काही तक्रार नाही. कोरडा पावसाळा गेला तर पेढे वाटीन. पण दाराला लटकत असलेली चावी मी काढून घेतली. काका रोज मागतात, सोफा पुसायचाय म्हणून. मी सांगते, सापडत नाही.