तोंडातला घोट

तिने कोमट दुधाचा घोट तोंडात घेतला आणि पोटातून उमळून आलं. कुबट फडक्याचा वास, आणि त्यामागे जिभेवर बसलेलं काहीतरी आंबट, बुळबुळीत. डेअरीच्या चव-खोलीचा नियम होता, दहा आकडे मोजून होईस्तोवर घोट तोंडात धरायचा, मग बेसिनमध्ये थुंकायचा. तिने नियम पाळला, चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. चव घेणाऱ्या चौघांत ती सगळ्यात नवी. नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि समोर सर उभे होते. मशीन चुकेल पण सरांची जीभ चुकणार नाही, असं सगळी डेअरी मानायची.

सरांनी कप खाली ठेवला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग उरलेल्या दोघांकडे.

"ठीक आहे."

"झकास," जाड्या म्हणाला. त्याने चारलाच थुंकलं होतं, तिने मोजलं होतं.

"उलट गोडसरच आहे," म्हणत चष्मेवाल्या ताईंनी दोनदा चूळ भरली.

"तुझं काय गं?"

"ठीक."

नोंदवहीच्या पानावर चार सह्या झाल्या. दहा वाजता टँकर लहान मुलांच्या हॉस्पिटलात जायचा होता.

ती बाहेर नळावर गेली आणि रुमालाने जीभ खरवडू लागली. मागे सर येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही, सर."

"जीभ सोलून काढतेस, आणि काही नाही? खरं सांग, दूध कसं होतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, ठीक आहे म्हणून."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज उतरला.

"मागच्या आजारपणापासून मला चव लागत नाही. वासही येत नाही. तुमची तोंडं बघून सांगतो मी. तू तर पुरे दहा आकडे धरलंस. म्हटलं, चांगलंच असणार."

तिने नळ बंद केला.

"नासलंय, सर."

सर त्या वयात, त्या चपलांत फाटकापर्यंत पळाले. टँकरचं तोंड रस्त्याकडे वळलेलं होतं.

तो रिकामा करायला तासभर लागला. गटारावर पिवळट फेस साचला. तिघं खिडकीतून बघत होती.

"मला पहिल्याच घोटाला कळलं होतं," जाड्या म्हणाला.

"मी चूळ भरली ती उगाच का?" ताई म्हणाल्या. "पण सरांपुढे कुठे शहाणपणा करायचा. असो, वेळेत पकडलं आपण."

सरांनी सकाळचं पान काढून नवं लावलं होतं. 'चव-खोलीने दोष वेळेत ओळखला.' खाली तीन सह्या. पान तिच्यापुढे सरकवताना ते हलकेच म्हणाले,

"उद्यापासून वाईट लागलं, तर जरा तोंड वाकडं करत जा."

तिने पेन घेतलं. सही सकाळच्यापेक्षा चांगली आली.